‘टॉवर बसल्यापासून टीव्ही जातोय’: साताऱ्यातल्या एका गच्चीवरचं प्रकरण

"रोज संध्याकाळी सातला टीव्ही जातो आणि दहाला आपोआप येतो," काकू फोनवर म्हणाल्या.

मी सवयीने विचारलं, "पाऊस असतो का तेव्हा?"

"पाऊस नाही, वारा नाही. समोरच्या बिल्डिंगवर मोबाइलचा टॉवर बसलाय ना, तेव्हापासनं चाललंय हे."

मी मनातल्या मनात हसलो. साताऱ्यात टीव्ही-डिशची कामं करताना टॉवरवर खापर फोडणारं गिऱ्हाईक महिन्यातून एकदा तरी भेटतंच. उपग्रहाचा सिग्नल ११ गिगाहर्ट्झच्या वर, मोबाइलचा त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाला, दोघांचा संबंध काय? असं मी आजवर बऱ्याच जणांना ऐकवलंय. काकूंनाही ऐकवलं. पुढे दोन आठवड्यांत हे बोलणं मला गिळावं लागलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय.

घर अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याच्या अंगाला, दुमजली, जुनं पण भक्कम. गच्चीवर पाण्याची टाकी, टाकीच्या कठड्याला ठोकलेली दोन फुटी छत्री. खाली हॉलमध्ये डीडी फ्री डिशचा, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेचा, डबा (सेट-टॉप बॉक्स). काका निवृत्त, मुलगा पुण्याला. महिन्याचं भाडं नाही म्हणून फ्री डिश घेतलेली आणि त्यावर दोघांचं उत्तम चाललेलं. ही सेवा सुरू झाली डिसेंबर २००४ मध्ये; तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. आज ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला, आणि तो विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्व रेखांशाला असतो.

माझ्या आधी या घरात बरंच काही होऊन गेलं होतं. एकाने येऊन छत्री फिरवली. आठवड्याने दुसऱ्याने येऊन ती पुन्हा फिरवली आणि एलएनबी, म्हणजे छत्रीच्या टोकाची सिग्नल पकडणारी डबी, बदलली. तिसऱ्याने डबाच खराब आहे म्हणून नवा डबा दिला. प्रत्येक वेळी माणूस दुपारी आला, चित्र स्वच्छ दिसलं, पैसे घेऊन गेला, आणि संध्याकाळी सातला पुन्हा तेच. शेवटी पुण्याच्या मुलाने ऑनलाइन एक ‘डिजिटल अँटेना’ मागवून पाठवला. तो काकांनी जुन्या बांबूला बांधून, किल्ल्यावरच्या टीव्ही टॉवरकडे तोंड करून लावला आणि त्याची वायर डब्याच्या एलएनबी लिहिलेल्या भोकात घुसवली. काहीच लागलं नाही, साहजिकच.

या अँटेन्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण काकांची गफलत साताऱ्यात पुष्कळांची होते. अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर रोज डोळ्यांसमोर असतो. एक काळ असा होता की त्याच्याकडे अँटेना केला की चित्र यायचं; कावळा बसून अँटेना वळला की पडद्यावर मुंग्या यायच्या, मग एकाने वर जाऊन फिरवायचं आणि दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं, गेलं’ ओरडायचं. ते ॲनालॉग प्रक्षेपण देशभर टप्प्याटप्प्याने गुंडाळलं गेलं. जमिनीवरच्या टॉवरवरून डिजिटल प्रक्षेपण दूरदर्शनने २०१६ मध्ये १६ शहरांत सुरू केलं. त्यात मुंबई होती, तेव्हाचं औरंगाबाद होतं, सातारा नव्हतं. शिवाय त्याला डबा वेगळा लागतो. छत्रीच्या डब्याला अँटेना जोडणं म्हणजे नळाची तोटी गॅसच्या नळीला लावण्यासारखं. काकांनी अँटेना उतरवला, पण बांबू ठेवला. म्हणाले, "असू दे, दोरी बांधायला होतो."

माझी पहिली फेरी, म्हणजे माझी चूक

मी गेलो सकाळी अकराला. रिमोटवरून सिग्नलचं पान उघडलं. तिथे दोन पट्ट्या असतात, एक ताकदीची आणि एक दर्जाची, म्हणजे स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. बहुतेक लोक पहिली बघतात. ती जवळपास निरुपयोगी आहे. डब्याच्या दारात एकूण किती वीज येऊन आदळतेय एवढंच ती मोजते. त्यात आपला सिग्नल किती आणि कचरा किती, ते तिला कळत नाही. छत्री आकाशाऐवजी भिंतीकडे वळवली तरी ती पट्टी पन्नास-साठ दाखवते, कारण एलएनबी आपला स्वतःचा खरखराटच वाढवून खाली ढकलत असते. चित्र ठरतं दुसऱ्या पट्टीवर. आणि डिजिटलमध्ये मधली अवस्था फार थोडी. दर्जा साठवरून तीसवर आला तरी चित्रात तिळाचा फरक दिसत नाही. आणखी थोडा घसरला की चौकोन फुटायला लागतात, आवाज ‘टुक टुक’ करतो, आणि त्याच्या खाली थेट ‘नो सिग्नल’. मुंग्यांच्या काळात आजारी सिग्नल आधी खोकायचा तरी.

अकराला सगळ्या फ्रिक्वेन्सींवर दर्जा साठच्या आसपास. मल्टिमीटर काढला. डबा केबलमधून वर एलएनबीला वीज पाठवतो, उभ्या पोलरायझेशनसाठी, म्हणजे उभ्या डोलणाऱ्या लहरींसाठी, १३ व्होल्ट, आडव्यासाठी १८. खाली डब्यापाशी १३.४ मिळाले, वर छत्रीपाशी १३.१. म्हणजे केबल धड आहे, असं मी ठरवून टाकलं. संध्याकाळी वस्तीतला लोड वाढून व्होल्टेज उतरत असेल, डब्याचा अडॅप्टर कमजोर असेल, म्हणून अडॅप्टर बदलला आणि निघालो. म्हणजे आधीच्या तिघांनी केलं तेच मीही केलं. दुपारच्या रोग्याला तपासून रात्रीच्या तापाचं औषध दिलं.

जाताना काकांनी विचारलं, "किल्ला तर आड येत नाही ना? छत्रीचं तोंड त्याच बाजूला आहे."

हा प्रश्न मात्र चांगला होता, आणि त्याचं उत्तर कागदावर काढता येतं. साताऱ्याहून जीसॅट-१५ दिसतो आग्नेयेला, होकायंत्रावर साधारण १३० अंशांवर, आणि जमिनीपासून ६० अंश वर. म्हणजे डोक्यावरच्या बिंदूपासून फक्त ३० अंश उतरलेला. किल्ल्याचा माथा शहरापासून अंदाजे ३०० मीटर उंच धरला, तर ६० अंशांची रेषा अडवायला तो माथा घरापासून आडवा १७५ मीटरच्या आत हवा. एवढ्या जवळ कुणी राहात असेल तर तो पायथ्याला नाही, डोंगराच्या पोटातच राहतो. या घरापासून माथा बराच लांब. आडवं येतं ते जवळचं: शेजाऱ्याचा नवा मजला, वाढलेला नारळ, गच्चीवरची टाकी. गोंधळ होतो तो छत्रीच्या ठेवणीमुळे. घरगुती छत्री ऑफसेट जातीची असते. तिचा चेहरा जिथे रोखलेला वाटतो त्याच्या वीस-पंचवीस अंश वरून सिग्नल येतो. म्हणून ती आकाशाकडे न बघता किल्ल्याच्या बुरुजाकडे टक लावून बसल्यासारखी दिसते. काकांनी कागद घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला.

संध्याकाळी साडेसात

तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला, आवाजात तक्रारीपेक्षा कंटाळा जास्त. "तू आत्ता ये. सकाळी नको."

गेलो. पावणेआठ वाजले होते. पहिल्यांदा कळलं की ‘टीव्ही जातो’ म्हणजे सगळा टीव्ही जात नाही. काकू पाहतात त्या चार चॅनेलांपैकी तीन बंद, एक चालू. बातम्यांची काही चॅनेलं ठणठणीत, सिनेम्याची काही ठणठणीत. मी सिग्नलच्या पानावर एकेक फ्रिक्वेन्सी लावून आकडे लिहून घेतले. ११४७० मेगाहर्ट्झवर दर्जा ५८. ११६३० वर ५५. ११५५० वर ४१, म्हणजे थोडा पडलेला. आणि ११५९० वर दर्जा ९, ताकद मात्र ८८! सकाळी याच जागी ताकद ८१ होती.

हा आकडा बघून मी जरा सरळ बसलो. पाणी शिरलेली केबल, हललेली छत्री, म्हातारी एलएनबी, या सगळ्यांत ताकद एक तर उतरते किंवा होती तिथेच राहते. इथे दर्जा मेला होता आणि ताकद वाढली होती. कुठून तरी जास्तीची वीज येत होती, आणि ती फक्त एकाच पट्ट्यात येत होती.

मी शेजारी जाऊन आलो. भिंतीला भिंत लागून असलेलं घर, तीच फ्री डिश, तेवढीच छत्री. काकूंचं बंद पडलेलं चॅनेल त्यांच्याकडे झकास चालू. परत येऊन मी काकूंना म्हटलं, "टॉवरमुळे असतं तर शेजारी पण गेला असता."

"त्यांचा जात नाही, माझा जातो. तेच तर मी सांगतेय," काकू म्हणाल्या.

अशा वेळी मार्ग अर्ध्यावर तोडून बघणं सगळ्यात स्वस्त पडतं. छत्री, एलएनबी, केबल, डबा, या चौघांत दोष कुणाचा ते बसल्या जागी ठरवण्यापेक्षा मधले दुवे काढून टाकायचे. माझ्याकडे सात इंची पडद्याचा एक छोटा टीव्ही आहे. तो, डबा आणि दीड मीटरची पक्क्या पिनांची केबल घेऊन गच्चीवर गेलो. काका बॅटरी धरून मागे. एलएनबीची केबल सोडली, माझी लावली. ११५९० वर दर्जा ६३. समोर चाळीस-पन्नास मीटरवर नव्या टॉवरचे उभे पांढरे पॅनेल, त्यातलं एक थेट आमच्याकडे बघतंय, आणि चित्र काचेसारखं.

म्हणजे छत्री निर्दोष, एलएनबी निर्दोष, डबाही निर्दोष. दोनदा फिरवलेली छत्री, बदललेली एलएनबी, बदललेला डबा आणि माझा अडॅप्टर, सगळे पैसे पाण्यात. राहिली केबल, जिला मी मल्टिमीटरवरून प्रमाणपत्र देऊन बसलो होतो.

जोड

केबल टाकीच्या कठड्यावरून खाली येते, गच्चीच्या कट्ट्याला वळसा घालते आणि खिडकीच्या चौकटीतून आत शिरते. बॅटरीच्या उजेडात मी ती हाताने चाचपत आलो. कट्ट्याच्या कोपऱ्यावर, टॉवरच्या बाजूला, काळ्या टेपचा एक फुगवटा लागला. टेप उन्हाने कडक झालेली, टोकं सुटलेली, आत मुंग्यांनी माती भरलेली.

"हे कधीचं?"

काका म्हणाले, "रंगाच्या वेळचं. रंगाऱ्याच्या शिडीखाली तुटली होती, त्यानेच जोडून दिली. सहा वर्षं झाली असतील."

टेप सोलली. आत केबलची दोन टोकं घरातली लाइटची वायर जोडतात तशी जोडलेली. मधली तांब्याची तार एकमेकींना पिळ घालून, वर हिरवट चढलेली. तिच्याभोवतीची जाळी, म्हणजे बाहेरचं वेष्टन, दोन्हीकडून मागे ओढून एका बाजूला केरसुणीसारखी गोळा केलेली आणि ती टोकं वेगळी पिळलेली. मधे मुख्य तार उघडी. फूटपट्टी लावली: चार सेंटीमीटर.

विजेच्या दृष्टीने हा जोड उत्तम. १३ व्होल्ट त्यातून बिनतक्रार जातात, म्हणून मल्टिमीटर खूश होता. पण या केबलमधून नुसते व्होल्ट जात नाहीत.

उपग्रहावरून ११५९० मेगाहर्ट्झचा जो सिग्नल येतो, तो केबलमधून जसाच्या तसा खाली येऊच शकत नाही. एवढी उंच फ्रिक्वेन्सी ही केबल काही मीटरांत गिळून टाकेल. म्हणून छत्रीच्या टोकाला एलएनबी बसवलेली असते. ती आत ९७५० मेगाहर्ट्झची स्वतःची लहर तयार करते आणि आलेल्या सिग्नलमधून ती वजा करते. उरलेला आकडा केबलमधून खाली उतरतो. ११५९० वजा ९७५० म्हणजे १८४० मेगाहर्ट्झ. आणि मोबाइलच्या १८०० बँडमध्ये टॉवरकडून फोनकडे जाणारा सिग्नल असतो १८०५ ते १८८० मेगाहर्ट्झमध्ये.

आकाशात माझं म्हणणं खरं होतं. तिथे दोघांच्या वाटा वेगळ्याच. पण छत्रीपासून डब्यापर्यंतच्या वीस मीटरांत उपग्रहाचा सिग्नल मोबाइलच्याच गल्लीतून चालत असतो, आणि त्या दोघांच्या मधे असतं केबलचं जाळीचं कवच. ते कवच काकूंच्या कट्ट्यावर चार सेंटीमीटर फाटलेलं होतं. त्यातही गंमत अशी, की १८४० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १६ सेंटीमीटर. तिचा पाव हिस्सा चार. पाव लहरीची उघडी तार हा अँटेना बनवण्याचा सगळ्यात जुना आणि सोपा प्रकार. रंगाऱ्याने नकळत टॉवरच्या मापाचा अँटेना तयार करून, टॉवरच्या समोर, बरोबर केबलच्या पोटात बसवला होता. काकांनी बांबूवर लावलेल्या अँटेन्यापेक्षा तो कितीतरी चांगला चालत होता.

मग बाकीचे तुकडे आपोआप जुळले. ११५९० चा सिग्नल साधारण ३६ मेगाहर्ट्झ रुंद असतो, म्हणजे केबलमध्ये १८२२ ते १८५८. टॉवरचा पट्टा नेमका तिथे असावा. ११५५० केबलमध्ये १८०० वर येतो, त्याचं एक टोक तेवढं भाजत होतं, म्हणून दर्जा ४१. ११४७० येतो १७२० वर, तो लांब, म्हणून सुखरूप. सहा वर्षं जोडाने त्रास दिला नाही, कारण समोर ओरडणारं कुणी नव्हतं. नुसतं थोडं नुकसान व्हायचं आणि दर्जात तेवढी शिल्लक होती. शेजारच्या घरात केबल अखंड होती. आणि संध्याकाळचं कारण तर सगळ्यात सरळ: फोरजीचा टॉवर दिवसभर सारख्या जोराने बोलत नाही, जेवढे फोन मागतील तेवढा पट्टा भरतो. सात ते दहा सगळा सातारा मोबाइलवर बसलेला. दहानंतर लोक झोपायला लागतात, टॉवरचा आवाज उतरतो, काकूंचा टीव्ही येतो.

हे सगळं जुळत होतं, पण जुळणं म्हणजे पुरावा नव्हे. मी वरूनच हाक मारली, "काकू, डब्यात पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद आहे का?"

त्या रोल घेऊन वर आल्या. उघड्या तारेवर आधी टेपचे दोन वेढे दिले, म्हणजे तारेला कागद शिवणार नाही, आणि वरून फॉइलची चार पदरी पट्टी दोन्हीकडच्या जाळीला घट्ट टेकेल अशी गुंडाळून मुठीत दाबली. काका खाली पळाले.

"आलं!" खालून आवाज.

फॉइल काढली. "गेलं!" पुन्हा लावली. "आलं, आलं!" तीस वर्षांनी त्या गच्चीवर तोच संवाद झाला. आकडा ९ वरून ५२ वर जात होता आणि परत ९ वर येत होता. काकू फॉइलचा रोल छातीशी धरून उभ्या होत्या. टॉवरकडे एकदा बघून म्हणाल्या, "मी काय म्हणत होते?"

दुरुस्ती

दुरुस्तीत शौर्य काही नाही, पण ती नीट न केल्यानेच अशी प्रकरणं होतात. दुसऱ्या दिवशी एलएनबीपासून डब्यापर्यंत एकच अखंड आरजी-६ केबल टाकली, बावीस मीटर. चांगल्या केबलमध्ये या फ्रिक्वेन्सीला शंभर मीटरला तीस डेसिबलच्या आसपास गळती होते, म्हणजे इथे सहा-सात. छत्री ते सहज सोसते. दुकानात केबल घेताना साल थोडी सोलून बघतो मी. स्वस्त केबलची जाळी मच्छरदाणीपेक्षा विरळ असते. जिथे समोर टॉवर आहे तिथे दाट जाळीच हवी.

पिना दाबून बसवणाऱ्या घेतल्या, फिरवून चढवायच्या नाहीत. आतला पांढरा भाग पिनेच्या तळाशी सपाट, तार पिनेच्या कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटरच पुढे, आणि जाळीचा एकही केस आत तारेला लागलेला नाही, हे भिंगातून पाहून घेतलं. छत्रीकडच्या पिनेवर ताणून चिकटणारी रबर टेप गुंडाळली, कारण साताऱ्याचा पाऊस महाबळेश्वरएवढा नसला तरी जून ते सप्टेंबर पिनेत पाणी शिरायला पुरेसा आहे. खिडकीच्या भोकाआधी केबलला खाली झोळ दिला. पाणी केबलवरून ओघळत येतं ते झोळाच्या तळाशी टपकून जातं, भिंतीत शिरत नाही. खिडकीमागे एक जुना स्प्लिटरही, म्हणजे एका केबलचे दोन फाटे करणारा जोड, निघाला, वरच्या खोलीत टीव्ही होता तेव्हाचा. त्याचं एक तोंड उघडंच. तोही काढला.

संध्याकाळी पावणेआठला बसून आकडे घेतले. ११५९० वर दर्जा ६४. आठला ६४. साडेआठला ६३. मालिका संपेपर्यंत थांबलो, कारण जेवायला थांबवलं होतं.

गल्लीत तोवर टॉवरविरुद्ध नगरपालिकेत अर्ज द्यायचं घाटत होतं आणि त्यात काकूंचा टीव्ही हे पहिलं कारण होतं. काकांनी स्वतः जाऊन ते खोडायला सांगितलं. अर्ज द्यायचा तर द्या, पण आमचा दोष आमच्या कट्ट्यावर होता, म्हणाले. मला हे आवडलं. टॉवर आपल्या हद्दीत बोलत होता, फाटलेलं कुंपण घरचं होतं.

एक तक्रार मात्र उरली आणि ती केबलने सुटण्यासारखी नव्हती. दोन-तीन चॅनेलं शेजारी दिसतात, इथे यादीतच नाहीत. तो ‘नवा’ डबा उलटून बघितला तर तो एमपेग-२ चा, म्हणजे चित्र दाबून पाठवायच्या जुन्या पद्धतीचा निघाला, म्हणजे तिसऱ्या मेकॅनिकने जुनाच माल खपवलेला. फ्री डिशवर काही चॅनेलं एमपेग-४ या नव्या पद्धतीने येतात. जुना डबा ती भाषा समजत नाही, मग चॅनेल लागत नाही, नाहीतर नुसता आवाज येऊन पडदा काळा राहतो. याला छत्री कितीही फिरवा, फरक पडणार नाही. बाकी चॅनेलांच्या जागा लिलावानंतर बदलतात, तेव्हा डब्यावर पुन्हा सर्च मारावा लागतो. तो कसा मारायचा ते काकांना वहीत लिहून दिलं. डबा बदलायचं त्यांनी दिवाळीवर ढकललं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात काकूंचा पुन्हा फोन आला. टीव्ही जातोय.

"किती वाजता?" मी आधी तेच विचारलं.

"सकाळी अकराच्या पुढे. दहा मिनिटं जातो, येतो. काल पण गेला, आज पण. फॉइल काढून ठेवू का बाहेर?"

ऊन आहे का, विचारलं. कडकडीत होतं. मग केबल, पिन काही काढायला लावलं नाही. वर्षातून दोनदा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबर लागताना, सूर्य आपल्या इथून बघताना बरोबर त्या उपग्रहाच्या पाठीमागे येतो. साताऱ्यात ती वेळ सकाळी अकराच्या सुमाराची. छत्रीवर पडलेलं ऊन तेव्हा नेमकं एलएनबीच्या तोंडावर गोळा होतं, आणि सूर्याच्या खरखराटात उपग्रह बुडतो. चार-सहा दिवस, रोज काही मिनिटं. यावर इलाज नाही, पैसेही लागत नाहीत. हे सगळं मी सांगितलं.

काकू जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "म्हणजे ह्या वेळेला टॉवर नाही."

"नाही."

"बघ हं, नाहीतर पुन्हा वर चढायला लागेल तुला."